मुरलेला डबा

श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड असतं ते फार तर दोन दिवस. डब्याचं खरं आयुष्य त्यानंतर सुरू होतं. त्यात उरलेली बटाट्याची भाजी जाते, डोशाचं पीठ जातं, झाकण सैल झालं की सोललेला लसूण जातो आणि अगदीच म्हातारपणी बटणं नि सुईदोरा. मधल्या काळात तो शेजारी लाडू घेऊन जातो आणि येताना चकल्या घेऊन येतो, कारण रिकामा डबा परत करायचा नसतो. हे चिपळुणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मंदार बिवलकरलाही ठाऊक होतं म्हणा. पण डबे वाचणारं यंत्र तयार करायला बसला तेव्हा नेमकं हेच त्याच्या डोक्यातून निसटलं. हुशार माणसांचं असं होतं.

यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. गावाने त्याचं बारसं एका शब्दात उरकलं: हुंग्या. खाडीच्या अलीकडे, जुन्या कचरा डेपोच्या जागी हुंग्याची शेड उभी राहिली आणि दोनेक वर्षांत कचऱ्याचा डोंगर खरोखरच नाहीसा झाला. त्याचं श्रेय मंदारला द्यायलाच हवं. गाव देतही होतं, जरा तोंड वाकडं करून.

त्यामागचं शास्त्र तसं समजायला सोपं आहे. प्लास्टिक आपल्याला काचेसारखं घट्ट वाटतं, पण आतून ते शेवयांच्या गुंत्यासारखं असतं. लांबच लांब रेणूंच्या त्या गुंत्यात फटी असतात आणि तेलकट किंवा वासाचे रेणू त्या फटींतून हळूहळू आत झिरपतात. हळदीचा डाग डब्यावरून जात नाही तो याचमुळे. तो डब्यावर नसतोच, डब्यात असतो. जितका काळ जाईल तितकं झिरपणं खोल, म्हणजे सर्वांत जुनं सर्वांत आत आणि कालचं अगदी वर. हुंग्या डब्याच्या आतल्या बाजूचे केसाहून पातळ पापुद्रे काढायचा, एकेक पापुद्रा तापवायचा आणि त्यातून उडालेले रेणू ओळखायचा. डब्याने आयुष्यभर काय काय पोटात घेतलं ते थरांच्या पट्ट्यासारखं पडद्यावर उमटायचं.

हे करायचं कशासाठी, तर ज्या डब्यात जन्मभर अन्नच होतं, त्याचा पुन्हा अन्नाचाच डबा होऊ शकतो. ज्यात कधी फिनेल किंवा शेतातलं औषध पडलं, त्याचा होऊ देता कामा नये; त्याचा रस्ता करावा, पाइप करावा. आजवर हे कळायची सोय नव्हती म्हणून सगळं एकत्र वितळायचं आणि चांगल्या मालाचीही माती व्हायची. आता डब्याच्या तळाला नंबर आला, नंबर घराच्या नावावर चढला आणि चांगला डबा परत करणाऱ्या घराला घरपट्टीत सूट मिळू लागली. आणि डब्यात काय काय निघालं, ते त्या घराच्या फोनवर यायला लागलं. गोची इथे झाली.

मधुमेह असलेल्या एका आजोबांच्या डब्यात साजूक तुपातले बेसनलाडू निघाले आणि त्या घरात आठवडाभर अबोला झाला. कडक उपास करणाऱ्या एका बाईंच्या डब्यात सुकट निघाली. बायका देण्याआधी डबे सोड्याने घासायला लागल्या, पण जे आत मुरलंय ते घासून कसं जाणार? मंदार हे किस्से घरी रंगवून सांगायचा आणि पोट धरून हसायचा. त्याची बायको मुग्धा हसायची, पण जरा उशिराने. ते त्याच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मुग्धा भाचीच्या डोहाळजेवणाला सांगलीला गेली होती, त्याच आठवड्यात दुसऱ्या एका नगरपालिकेचे अधिकारी यंत्र बघायला आले. त्यांना दाखवायला एखादा चांगला जुना डबा हवा, म्हणून मंदारने घरच्या फडताळातला सर्वांत पिवळट, झाकणाला तडा गेलेला श्रीखंडाचा डबा उचलला. स्वतःच्या घरचा डबा सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा, यात त्याला मोठीच ऐट वाटत होती.

यंत्रावर मिस्बाह परकार होती. वयाने लहान, कामात चोख. ती सगळ्यात आतल्या थरापासून वाचू लागली. "वेलची, केशर, जायफळ. हे श्रीखंड. मग हळद, मोहरीची फोडणी. लसूण." पाहुणे खूश होऊन माना डोलावत होते. मग मिस्बाह थबकली.

"तंबाखूचा धूर," ती म्हणाली. "मग परत घरचंच जेवण. परत धूर. जेवण, धूर. ठरावीक अंतराने येतोय, सर."

"काय बिवलकर, चोरून ओढता की काय?" एक पाहुणा म्हणाला आणि सगळे हसले.

मंदारही हसला. त्याने जन्मात सिगारेट ओढली नव्हती. मुग्धाला तर उदबत्तीनेही शिंका यायच्या. एकुलती एक मुलगी शिकायला बंगळुरात होती आणि हा डबा तिने कधी हातात धरला असेल असं वाटत नव्हतं.

"धुराबरोबर दर वेळी मसाल्याचं काहीतरी आहे," मिस्बाह पडद्याजवळ वाकून म्हणाली. "हिंग, सुंठ, भाजलेली डाळ. यंत्र 'अनोळखी मिश्रण' म्हणतंय. आणि हे काय? अय्या, तिरफळ! आमच्याकडे बांगड्याच्या आमटीत घालतात ना, ते."

बिवलकरांच्या घरात मासे शिजत नव्हते. हिंग-सुंठ त्याने कानाआड केलं; स्वयंपाकघर म्हटलं की ते असायचंच. धूर आणि तिरफळ मात्र त्याच्या डोक्यात रुतून बसलं. डबा पट्ट्यावरून पुढे गेला, दळणीत पडला आणि पलीकडून बारीक दाणे होऊन बाहेर आला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या घरातला डबा आपल्यामागे कुठेतरी जातो, तिथे कुणीतरी तंबाखू ओढतं आणि डबा परत येतो, एवढाच विचार करत मंदार उभा राहिला.

मुग्धा परत आली. बॅग खाली ठेवून तिने आधी फडताळ उघडलं.

"मंदार, इथला जुना डबा कुठे गेला?"

"कुठला?"

"झाकणाला तडा गेलेला."

"तो ना? दिला मी. लोक आले होते बघायला, त्यांना दाखवायला नेला."

ती तशीच फडताळाचं दार धरून उभी राहिली. "विचारायचंस तरी."

"एवढं काय होतं त्या डब्यात?"

"काही नाही. माझ्या स्वयंपाकघरातली वस्तू मला न विचारता नेलीस म्हणून म्हटलं." मग पाठमोरी होऊन, फार सहज विचारल्यासारखं, "काय काय निघालं?"

"काय निघणार? श्रीखंड, भाजी." घरचा फोन त्याच्याच नावावर होता, तो निरोप त्याने आधीच पुसून टाकला होता.

तिचे खांदे जरासे सैल झाले. ते त्याने पाहिलं, आणि त्या क्षणापासून त्याच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

संशयी माणसाला पुरावे शोधावे लागत नाहीत. ते आपणहून पायात येतात. मुग्धा दर शुक्रवारी करंजेश्वरी देवीच्या दर्शनाला गोवळकोटला जायची. इतकी वर्षं जायची, पण आता त्याला आठवलं की ती कधी प्रसाद घेऊन आली नव्हती. वरच्या मजल्यावर तांडेल राहायचे, जहाजावरून निवृत्त झालेले. पाइप ओढायचे, मासे स्वतः रांधायचे, आणि मुग्धाला वाचायला पुस्तकं द्यायचे. धूर झाला, तिरफळ झालं, आणि पुस्तकांच्या निमित्ताने येणंजाणंही झालं! लिफ्टमध्ये तांडेल म्हणाले, "वहिनींना सांगा, नवीन पुस्तकं आलीत." मंदारने "सांगतो" सुद्धा म्हटलं नाही. पुढच्याच मजल्यावर उतरून तो जिन्याने गेला.

घरात तो आता डबे हुंगू लागला. मुग्धा अंघोळीला गेली की फडताळ उघडायचा, एकेक झाकण काढायचा, नाक घालायचा. बावन्न वर्षांचा, गावात मान असलेला माणूस चोरासारखा डब्यात तोंड घालून उभा राहायचा. त्याची त्याला लाज वाटायची आणि तरी तो दुसरं झाकण काढायचा. शेवटी एक डबा त्याने बॅगेत घालून शेडमध्ये नेला.

"हा मित्राच्या घरचा आहे," तो मिस्बाहला म्हणाला. "जरा बघ."

मिस्बाहने डबा उलटा करून तळाचा नंबर पाहिला. मग तो यंत्रात ठेवला. नंबर कुणाच्या नावावर आहे ते तिला दिसलं होतंच.

"धूर इथेही आहे," ती थोड्या वेळाने म्हणाली. "पण हा सिगारेटचा नाही, सर. पाइपचाही नाही. यात तेंदूचं पान जळलंय. विडी आहे."

म्हणजे तांडेल नव्हेत. मंदारला हायसं वाटायला हवं होतं. उलट तो जास्तच घाबरला, कारण तांडेलांना निदान चेहरा होता.

"आणि वरच्या थरांत, म्हणजे अलीकडे, विडी बंद झालीय," मिस्बाह सांगत होती. "कापूर, निलगिरी आहे. आणि छातीला लावायचं ते जेल, फुप्फुसाच्या आजारातलं. ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही. हा माणूस आजारी आहे सर, बराच आजारी. सगळ्यात वरच्या थरात तर नुसतं औषधच आहे. ते अनोळखी मिश्रणसुद्धा नाही."

जो कोण आहे तो मरायला टेकलाय, हा विचार मंदारच्या मनात आला आणि त्याला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं हे कळून तो खुर्चीत बसून राहिला.

"सर, एक बोलू?" मिस्बाहने यंत्र बंद केलं. "आमच्या मोहल्ल्यात आता कुणी कुणाला डबा देत नाही. ईदला माझ्या खालाने शिरखुर्मा काचेच्या बरणीतून पाठवला आणि बरणी तिथेच उभं राहून धुऊन परत आणली. लोक म्हणतात, आपल्या घरचा वास कुणाच्या डब्यात जायला नको."

"लोकांना काय, कशाचीही भीती वाटते," मंदार म्हणाला. पण हे बोलताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

शुक्रवार आला. आज तिच्या मागे जायचंच, असं त्याने ठरवलं होतं. मुग्धा ओट्यापाशी डबा भरत होती. डबा स्टीलचा होता.

"देवीला डबा?" त्याने विचारलं.

"तिथे एक म्हातारी बसते, तिला."

"स्टीलचा का आज?"

"असाच." तिने झाकण दाबून लावलं आणि त्याच्यापुढे ताट ठेवलं. मऊ भात, वर तूप, बाजूला मेतकूट. दर शुक्रवारी सकाळी हेच असायचं. आईच्या हातचं मेतकूट ही मंदारची जन्माची आवड. आई गेल्यावर ते बंद झालं होतं. मग एक दिवस मुग्धाने ते करून वाढलं आणि हुबेहूब तीच चव! त्या दिवशी त्याचे डोळे भरून आले होते. आईने सुनेला शिकवून ठेवलं असणार, एवढंच तो समजला.

"एवढंसंच?" तो म्हणाला.

"बरणी खरवडून काढलंय. संपलं."

"मग कर की."

तिने दुधाचं पातेलं गॅसवर चढवलं.

त्याने भात कालवला, पहिला घास घेतला. संतापाने त्याला घास गोड लागत नव्हता, म्हणून की काय कोण जाणे, आज पहिल्यांदाच तो चवीने न खाता चव शोधत खात होता. डाळ, हिंग, सुंठ. आणि मग जिभेच्या टोकाला बारीक मुंग्या आल्या. लहानपणापासून यायच्या. आईचं मेतकूट असंच जीभ चावतं, असं घरात म्हणायचे. जीभ कशाने चावते, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

मिस्बाहच्या पडद्यावरचे शब्द त्याला एका ओळीत आठवले. भाजलेली डाळ, हिंग, सुंठ. अनोळखी मिश्रण. यंत्राला मेतकूट ओळखायला कुणी शिकवलं नव्हतं.

"मुग्धा, यात तिरफळ घालतेस?"

"मला काय माहीत? मी कुठे करते मेत..."

 गॅसवर दूध उतू गेलं, पण दोघांपैकी कुणीही गॅस बंद केला नाही.

"कोण करतं?" त्याने विचारलं. पण विचारतानाच त्याला कळलं होतं. आई डाळी भाजायला बसली की मोठा मुलगा तिच्याजवळ बसायचा, धाकटा हुंदडायला जायचा. "दादा?"

मुग्धा खाली बसली. "हृषीदादाच."

मंदारचा थोरला भाऊ हृषीकेश गोवळकोटला एकटाच राहायचा. त्याचा भंगारातल्या प्लास्टिकपासून बादल्या, घमेली बनवायचा छोटा कारखाना होता. हुंग्याच्या पहिल्या आवृत्तीने त्या बादल्यांत शेतावरचं औषध शोधून काढलं होतं. अहवालावर मंदारची सही होती. कारखान्याला टाळं लागलं आणि हृषीकेशने निरोप धाडला, यापुढे माझ्या दारात नाक खुपसायचं नाही. मंदारनेही मनात म्हटलं, मी काय खोटं लिहिलं? तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

"तेव्हा जेवत नव्हते रे ते," मुग्धा म्हणाली. "मी एकदा डबा नेऊन ठेवला. तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस, आणि तू पाठवलास असं वाटलं असतं तर त्यांनी खाल्लं नसतं. पुढच्या शुक्रवारी गेले, तर डबा धुऊन, मेतकूट भरून तयार. म्हणाले, रिकामा कसा देऊ? आणि तू त्या दिवशी म्हणालास, आईसारखं जमलं तुला. मी त्यांना जाऊन सांगितलं.  पुढच्या वेळी त्यांनी थोडं जास्त भरलं."

मंदारने हातातला घास ताटात ठेवला. "विडी कधीपासून?"

"कारखाना बंद झाल्यापासून." मग तिने चमकून वर पाहिलं. "म्हणजे निघालं होतं डब्यात. तू खोटं सांगितलंस मला."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

 सांगायची गरज नव्हती. मुग्धाने त्याच्याकडे जे पाहिलं ते त्याला पुढे कितीतरी दिवस विसरता आलं नाही.

"गेल्या खेपेला डबा रिकामा आला," ती शेवटी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "पहिल्यांदाच. म्हणाले, हात थरथरतो, डाळ करपते. डॉक्टर म्हणतात ताबडतोब मुंबईला न्या, अजून वेळ गेलेली नाही. पण ते ऐकतच नाहीत. म्हणतात, कोण नेणार आहे मला?" तिने डोळे पुसले आणि स्टीलचा डबा त्याच्यापुढे सरकवला. "आज मी जात नाही. तू जा."

रिक्षा गोवळकोटच्या वाटेला लागली तेव्हा मंदारने मिस्बाहला फोन केला. "डबा वाचायचा तो अन्नाचा की औषधाचा एवढं ठरवायला. कुठल्या घराचा ते यंत्राला कळायला नको. नंबराला जोडलेलं घराचं नाव आजच तोड. सूट द्यायची तर अख्ख्या वाडीला मिळून देऊ."

"वरून विचारतील, सर."

"मी बघतो."

"आणि तुमच्या मित्राच्या घरचं?"

"तेही पूस," तो म्हणाला.

गोवळकोटच्या घराच्या ओसरीवर हृषीकेश खुर्चीत बसला होता. अंगावरचा सदरा दुसऱ्या कुणाचा असावा इतका मोठा दिसत होता. कारखान्यातली एक निळी बादली पायरीशी होती, तिच्यात मोगरा लावलेला. त्याने मंदारला फाटकातून आत येताना पाहिलं आणि डोळे बारीक केले.

"काय हुंगायला आलास?"

मंदार पायरीखालीच थांबला. "डबा आणलाय."

"मुग्धाने सांगितलं वाटतं."

"नाही. डब्याने सांगितलं."

"माझा तो तडा गेलेला डबा कुठाय?"

"दळला. मीच दळायला टाकला."

हृषीकेश हसला आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. खोकला थांबेपर्यंत मंदार पायरी चढून वर आला होता, पण भावाच्या पाठीवर हात ठेवायचा त्याला धीर झाला नाही.

"कारखाना खाल्लास, आता डबाही खाल्लास," हृषीकेश धापा टाकत म्हणाला.

"बादल्यांत विष होतं, दादा."

"होतं. मला ठाऊक नव्हतं, पण होतं. नंतर मी स्वतः शोधून काढलं कुठल्या मालातून आलं ते." तो थांबला, श्वास गोळा केला. "मेल्या, तू घरी येऊन सांगितलं असतंस तर मीच टाळं लावलं असतं. आधी कागद आला. तू आलासच नाहीस."

 "मुंबईला चल," तो म्हणाला. "उद्याच."

"यंत्राने सांगितलं म्हणून आलास ना? एरवी आला असतास?"

मंदारला हो म्हणता आलं असतं. भावाचे बारीक झालेले डोळे त्याच्यावर रोखलेले होते आणि त्या डोळ्यांना खोटं कळलं असतं.

"नसतो आलो," तो म्हणाला.

 हृषीकेश खुर्चीच्या हाताला रेटा देऊन उठला, मंदारच्या हातातून डबा घेतला आणि आत गेला. आतून भांड्यांचे, मग नळाचे आवाज आले. मंदारला वाटलं, आता हा डबा धुऊन हातात देईल आणि जा म्हणेल. फडताळाची दारं एकामागून एक उघडल्याचं ऐकू आलं. घरात डब्यात घालायला काही नसावं.

तो बाहेर आला तेव्हा डबा पुसून कोरडा केलेला होता. त्याने तो मंदारच्या हातात दिला. आत काहीतरी हललं. मंदारने झाकण काढलं. तळाशी मूठभर वाळलेली, काळपट तिरफळं होती.

"रिकामा नको नेऊस," हृषीकेश म्हणाला. "बिया काढून टाकायच्या, नुसती सालं घ्यायची. आणि ती डाळीबरोबर भाजायची नाहीत." त्याला दम लागला, तो पुन्हा खुर्चीत बसला. "बाकीचं उद्या गाडीत सांगतो."